विषय : कैद्याच्या सुटकेबाबत

शाळेत शिकलेलं पुढे काय कामी आलं, असं विचारलं की इतर जण शाळेच्या आठवणी लिहितीलच. मी लिहितो ते शाळेत शिकवल्या जाणाऱ्या औपचारिक पत्रलेखनाबद्दल, कारण निव्वळ स्वतःच्या विचारांपायी तुरुंगात डांबलेल्या दूरच्या माणसासाठी तेच कामी येतं.

२८ मे १९६१ रोजी लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये वकील पीटर बेनेन्सन यांनी विस्मरणात गेलेल्या कैद्यांवर लेख लिहिला. त्यातून अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही अशा कैद्यांसाठी पत्रं लिहिणारी संघटना उभी राहिली. सुरुवातीला तिच्या सदस्यांच्या प्रत्येक गटाकडे तीन कैदी असत : एक पाश्चात्त्य देशातला, एक कम्युनिस्ट राजवटीतला, एक तिसऱ्या जगातला. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. आपल्या बाजूच्या माणसासाठी कोणीही कळवळतो.

लिहिण्याआधी कैद्याच्या घरच्यांची किंवा वकिलाची संमती हवी. गाजावाजा झाला की कधी सुटका जवळ येते, कधी मारहाण वाढते. तो धोका आपण परस्पर पत्करायचा नाही.

मंत्र्याला किंवा तुरुंगाधिकाऱ्याला लिहायचं पत्र एका पानात संपवावं. सुरुवातीलाच पूर्ण नाव, कैदी क्रमांक, तुरुंग आणि अटकेची तारीख. नावात चूक झाली की ‘असा कैदी आमच्याकडे नाही’ म्हणायला ते मोकळे. मागणी एकच : वकिलाला भेटू द्या, किंवा औषध द्या, किंवा सोडा. चार मागितल्या की त्यातली सर्वांत स्वस्त मान्य होते. भाषा सभ्य ठेवावी. शिव्या घालून आपण मोकळे होतो, भोगतो आतला माणूस. आणि छापील मजकुराखाली नुसती सही नको. शंभर सारखी पत्रं एकाच गठ्ठ्यात जातात, वेगवेगळी पत्रं मात्र कोणाला तरी वाचावी लागतात.

खुद्द कैद्याला लिहिताना खटला, राजकारण, संघटना यांतलं अक्षरही नको. पाऊस, पुस्तक, मांजर, काहीही चालतं. स्टिकर, नाणी, नोटा घालू नयेत. त्यापायी अख्खं पाकीट अडतं. पत्रांना क्रमांक घालावेत, म्हणजे मधलं गहाळ झालेलं त्याला कळतं. उत्तराची वाट पाहू नये. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात नेल्सन मंडेलांना सुरुवातीच्या काळात सहा महिन्यांतून एकच पत्र मिळे, तेही पाचशे शब्दांचं. नको त्या ओळी अधिकारी ब्लेडने कापून काढत. कागद पाठपोट लिहिलेला असला की मागच्या निरुपद्रवी ओळीही जात.

१९७३ मध्ये ब्राझीलच्या लष्करी राजवटीने प्राध्यापक लुईझ बाझिलियो रॉस्सी यांना पकडलं. अ‍ॅम्नेस्टीचं ‘लगेच पत्रं लिहा’ असं पहिलं तातडीचं आवाहन त्यांच्यासाठी निघालं, आणि त्याच वर्षी ते सुटले. अशा बातमीनंतर पत्रं एकदम थांबतात, ही नेहमीची चूक. सुटलेल्या माणसावर पाळत असते, नोकरी गेलेली असते, ओळखीचे लोक टाळत असतात. त्यानंतरही लिहीत राहावं, मात्र आता घरच्या पत्त्यावर आणि त्यांना चालणार असेल तरच.