घोंऽऽऽ

सकाळपासून पाणी चालू, कपाशीची फवारणी काही होत नाही म्हणून माळ्यावरून आबाजीचा रेकॉर्ड प्लेअर उतरवला अन बसलो हॉलमधल्या अ‍ॅम्प्लिफायरले जोडत. लाल-पांढऱ्या पिना ऑक्स लिहिलेल्या भोकात (जिथं मोबाईल-सीडी लावतो) खुपसल्या तर आवाज असा, जसं कोणी विहिरीत बसून गाऊन रायलं. व्हॉल्यूम पूर्ण फिरवला तरी तेच. आई म्हणे, "काहून बिघडवतं बे ते?"

अर्धा घंटा डोकं खाजवल्यावर उजेड पडला. सुईतून येणारा सिग्नल म्हणजे फक्त 4-5 मिलिव्होल्ट, मोबाईल-सीडीवाला त्याच्या शंभर-दोनशे पट, म्हणून याले वेगळं फोनो लिहिलेलंच भोक लागते, अन रेकॉर्ड कापताना बास कमी ट्रेबल जास्त करून ठेवलेलं असते तेही तिथंच सरळ होते (अन मोबाईल चुकून फोनोत घातला तर नुसता फाटका आवाज, हे भाच्यानं करून दाखवलंच). फोनोत लावलं, आवाज खणखणीत, पण संगं घोंऽऽऽ, जसं डीपीखाली उभे आहो. पायतो तं प्लेअरच्या मागं एक बारीक वायर लोंबून रायली, टोक उंदरानं कुरतडलेलं. ब्लेडनं सोलली, अ‍ॅम्प्लिफायरच्या जीएनडी, म्हणजे ग्राउंडच्या स्क्रूखाली दाबली, घों एकदम बंद!

सुई ठेवली, आबाजी काठी टेकत दारात येऊन उभे, अन दोन ओळी झाल्या नाही तं लाईन गेली. गाणं हळूहळू जाड होत होत रेडा रेकल्यासारखं थांबलं. आबाजी तिथंच खुर्ची घेऊन बसले आहेत, लाईन अजून आली नाही.