आमची वाटचाल : खोक्यावरचे आकडे आणि काट्यावरचे आकडे

रिमोटवर उडणाऱ्या, हवेत कसरती करणाऱ्या (एरोबॅटिक) मॉडेल विमानांचा आमचा व्यवसाय. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक विमानासोबत आज एक कागद जातो. त्यावर पाच गोष्टी हाताने लिहिलेल्या असतात: उडायला तयार अवस्थेतलं वजन, मोजलेला थ्रस्ट (मोटर-पंख्याची ओढ), पूर्ण थ्रॉटलला ओढलेला करंट, सीजीची (गुरुत्वमध्याची) जागा आणि चारही सर्वोंमधला, म्हणजे पंख-शेपटीचे हलते भाग वळवणाऱ्या छोट्या मोटरींमधला, प्ले (ढिलेपणा). व्यवसाय सुरू केला तेव्हा असा कागद नव्हता. विमान निवडलं जायचं ते पंखांची लांबी, रंग आणि किंमत बघून. तक्रारही बहुतेक एकच यायची, "वर जातं, पण हॉवर होत नाही," म्हणजे नाक वर करून एका जागी लटकत नाही. त्या एका तक्रारीचं खरं उत्तर शोधताना हा कागद एकेका ओळीने वाढत गेला, आणि आमच्या कामाची पद्धतही त्याच क्रमाने बदलली.

पहिली ओळ वजनाची. स्वस्त विमानाच्या खोक्यावर लिहिलेलं वजन बहुतेक वेळा बॅटरी आणि रिसीव्हर सोडून असतं. "पीएनपी" म्हणून मिळणाऱ्या विमानात मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि सर्वो बसवलेले असतात. रिमोट, रिसीव्हर, बॅटरी आणि चार्जर आपले. त्यामुळे वजनही वाढतं आणि खर्चही. आमच्याकडे सर्वाधिक जाणारं मॉडेल म्हणजे 1000 मिलिमीटर पंखांचं, एक्स्ट्रा 300 या खऱ्या कसरती विमानाच्या धाटणीचं, 9 मिलिमीटर ईपीपी फोमचं सपाट विमान. त्याचा हिशेब असा: फोम 85 ग्रॅम, कार्बन रॉड, हिंज आणि गोंद मिळून 60, मोटर, माउंट आणि प्रॉप (पंखा) 70, ईएससी 25, मेटल गिअरचे चार सर्वो 54, रिसीव्हर 15, चाकांचा पाय 25, 3 सेलची 1300 एमएएच बॅटरी 110, वायर आणि टेप 15. बेरीज 459 ग्रॅम. पंखाचं क्षेत्रफळ 24 चौरस डेसिमीटर, म्हणजे दर चौरस डेसिमीटरवर साधारण 19 ग्रॅम भार. वीसच्या आत असलेलं विमान हळू उडतं आणि चुकलं तर सावरायला वेळ देतं. तिशीच्या पुढे गेलं की तेच विमान लँडिंगला पळत येतं आणि हॅरिअरमध्ये, म्हणजे नाक वर ठेवून हळू उडताना, पंख टाकतं. घरी जोडलेली विमानं जड होतात ती जवळजवळ नेहमी ग्लू-गनमुळे. सांध्यावर ओतलेला गरम गोंद 40 ग्रॅम कधी वाढवतो, कळतही नाही. शिवाय उन्हात उभ्या गाडीत तो मऊ पडतो आणि मोटरचा माउंट वाकडा बसतो. माउंटला इपॉक्सी, बाकी सांध्यांना फोमला चालणारा काँटॅक्ट गोंद, एवढं पुरे. ईपीपी आणि ईपीओ फोमला साधं फेव्हिक्विक चालतं, थर्मोकोल मात्र त्याने विरघळतं. खरेदीआधी फोम कोणता ते विचारूनच घ्या.

थ्रस्टची ओळ आली आणि खोक्यावरच्या आकड्यावरचा आमचा भरवसा संपला. हॉवरसाठी थ्रस्ट किमान वजनाइतका लागतो, पण तेवढ्यावर विमान हवेत नुसतं लटकतं. त्यातून वर ओढून बाहेर काढायला वजनाच्या दीडपट तरी हवा. आता पुण्याची हवा लक्षात घ्या. समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंची आणि मे महिन्यातलं 35 अंश तापमान धरलं, तर हवेची घनता दर घनमीटरला सुमारे 1.07 किलो भरते. समुद्रसपाटीवर 15 अंशांना ती 1.225 असते. म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांना थ्रस्ट जवळपास 12 टक्के कमी. कारखान्याच्या तक्त्यात 880 ग्रॅम दाखवणारी मोटर आमच्या काट्यावर 760 ते 780 ग्रॅम देते, यात मोटरचा दोष नाही. मुंबई-कोकणच्या गिऱ्हाइकाला हेच विमान किंचित जास्त ओढतं.

मोजायची रीत सोपी आहे. समान भुजांची लाकडी एल पट्टी करा, कोनावर ती फिरेल अशी कीलक बसवा. उभ्या भुजेच्या टोकाला मोटर, आडव्या भुजेचं टोक स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. दोन्ही भुजा कीलकापासून मोजून सारख्या हव्यात, नाहीतर आकडा खोटा येतो. प्रॉपची हवा काट्यावर पडता कामा नये आणि मागची भिंत अर्ध्या मीटरपेक्षा जवळ नको. बॅटरी पूर्ण भरलेली, मध्ये वॉटमीटर. थ्रॉटल पूर्ण दिल्यावर पहिला आकडा लिहू नका, दहाव्या सेकंदाचा लिहा. आमच्या विमानात ए2212 धाटणीची 1000 केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला 1000 फेरे) मोटर 10 बाय 4.5 च्या (व्यास बाय पिच, इंचांत) प्रॉपवर 14 अँपिअर ओढते. 11 व्होल्टला 154 वॉट. 459 ग्रॅमला ते भरपूर आहेत.

प्रॉपच्या बाबतीत एक धोका सांगायलाच हवा. पातळ, रुंद पात्याच्या स्लो-फ्लाय प्रॉपला फेऱ्यांची मर्यादा असते. एपीसी कंपनी आपल्या स्लो-फ्लाय प्रॉपसाठी 65,000 ला इंचांतल्या व्यासाने भागायला सांगते; 10 इंचाला मिनिटाला 6,500 फेरे. ही मोटर 3 सेलवर ती मर्यादा सहज ओलांडते. म्हणून आम्ही या जोडीबरोबर स्लो-फ्लाय प्रॉप देणं बंद केलं आणि इलेक्ट्रिक प्रकारचा प्रॉप देतो. त्याची मर्यादा 145,000 भागिले व्यास, म्हणजे दुपटीहून अधिक. थ्रस्ट थोडा कमी येतो. पण तुटलेलं पातं डोळ्यात जाण्यापेक्षा ते चालेल. टेबलावर चाचणी घेताना प्रॉपच्या फिरण्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, हा नियम आम्ही कधीच मोडू देत नाही.

बॅटरीवरचा सी आकडा (क्षमतेच्या किती पट करंट देता येतो तो) तसाच तपासून घ्यावा लागतो. 1300 एमएएचवर 25सी छापलंय म्हणजे 32 अँपिअर मिळायला हवेत. 12.6 व्होल्टला भरलेली बॅटरी 14 अँपिअरवर वीस सेकंद ठेवा. व्होल्टेज 10.5 च्या खाली उतरलं तर छापलेलं विसरा.

ईएससीने आम्हाला जास्त शिकवलं. बाजारात स्वस्त मिळणारे 30 अँपिअरचे बरेचसे ईएससी ड्रोनसाठी बनलेले असतात. सायमनके फर्मवेअरच्या अशा ईएससीत बॅटरी उतरल्यावर मोटर तोडण्याची सोय सहसा नसते. ड्रोनला ते योग्य, कारण मधेच मोटर थांबली तर तो दगडासारखा पडेल. विमानात मात्र पायलटला काही कळत नाही आणि बॅटरी मरते. अशा ईएससीबरोबर आम्ही दर सेल 3.5 व्होल्टला वाजणारा बझर देतो आणि रिमोटवर 6 मिनिटांचा टायमर लावून देतो. सरासरी 8 अँपिअर धरले तर 1300 पैकी 80 टक्के चार्ज पावणेआठ मिनिटांत संपतो. सहा मिनिटांत परतलं की लँडिंग चुकवून पुन्हा फिरून यायला वाव राहतो.

त्याच ईएससीतला दुसरा दोष बीईसीचा, म्हणजे रिसीव्हर आणि सर्वोंना वीज पुरवणाऱ्या भागाचा. साधा लिनिअर बीईसी 12.6 व्होल्टचे 5 करतो आणि मधला 7.6 व्होल्टचा फरक उष्णतेत घालवतो. सर्वोंनी एक अँपिअर ओढला की 7.6 वॉट त्या इवल्याशा तुकड्यात तापतात. चार सर्वो एकदम झटके देत असतील, तर रिसीव्हरचं व्होल्टेज कोसळतं आणि विमान क्षणभर ऐकत नाही. गिऱ्हाईक याला "सिग्नल गेला" म्हणतं. आमची चाचणी अशी: प्रॉप काढा, रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला व्होल्टमीटर लावा, दोन्ही स्टिक अर्धा मिनिट सगळ्या दिशांना झटकत राहा. काटा 4.5 च्या खाली आला तर ईएससी तसा वापरायचा नाही. 3 अँपिअरचा वेगळा स्विचिंग यूबीईसी (सुटा, कमी तापणारा बीईसी) लावायचा आणि ईएससीच्या प्लगमधली मधली लाल वायर काढून टेप करायची. लाल वायर काढायला विसरलं की दोन पुरवठे एकमेकांशी भांडतात.

आमच्या कागदावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ सर्वोंची आहे, आणि ती सर्वांत शेवटी आली, कारण दोष डोळ्यांना दिसत नाही. गिऱ्हाईक टॉर्क विचारतं. पण अर्ध्या किलोच्या, सेकंदाला दहा-बारा मीटरने उडणाऱ्या विमानाला एसजी90 या साध्या सर्वोचा 1.8 किलो-सेंटिमीटर टॉर्कही पुरतो. खरे प्रश्न दोन: प्ले किती, आणि सर्वो मधोमध परत येतो का. विमान पालथं धरा, रिमोट चालू ठेवा, एलिव्हेटरची (शेपटीच्या आडव्या हलत्या भागाची) मागची कड दोन बोटांत हलकी हलवा आणि शेजारी पट्टी धरा. एलिव्हेटरची रुंदी 60 मिलिमीटर असेल तर कडेचा 1 मिलिमीटर म्हणजे जवळपास एक अंश. एक मिलिमीटर चालेल. दोन असतील तर सरळ उड्डाणात विमान वर-खाली शोधत राहतं, ट्रिम (रिमोटवरची बारीक दुरुस्ती) कितीही दिलं तरी बसत नाही, आणि डाइव्हमध्ये कड फडफडू लागते. ती फडफड हिंज फाडूनच थांबते. मग स्टिक वरून सोडा, पट्टीवरची जागा बघा. खालून सोडा, पुन्हा बघा. दोन जागा वेगळ्या आल्या तर सर्वोच्या आतला पॉट (जागा ओळखणारा भाग) चांगला नाही; त्याला ट्रिमने इलाज नाही. मेटल गिअर म्हणजे प्ले नाही, हा समजही चुकीचा. स्वस्त एमजी90एस या मेटल गिअर सर्वोमध्ये दातांमधली फट काही वेळा प्लास्टिकपेक्षा जास्त निघते. मेटल गिअर क्रॅशमध्ये दात वाचवण्यासाठी आहे.

प्ले वाढवण्यात आपलाही हात असतो. थ्रीडीसाठी (हॉवर, हॅरिअरसारख्या कसरतींसाठी) 45 अंशांचा थ्रो, म्हणजे हलत्या भागाचं वळण, हवा म्हणून लांब सर्वो आर्म (सर्वोवरचा दांडा) आणि आखूड हॉर्न (हलत्या भागावरचा दांडा; दोन्ही तारेने जोडलेले) लावले जातात. आर्म 25 मिलिमीटर आणि हॉर्न 15 असेल तर सर्वोतला प्रत्येक अंशाचा प्ले कडेपर्यंत पावणेदोन पटीच्या जवळ जातो. दोन्ही सारखे ठेवा आणि थ्रो रिमोटमधल्या टक्केवारीतून काढा. दुसरी जागा हॉर्नचं भोक: 1.5 मिलिमीटरच्या भोकात 1.2 ची तार खुळखुळते. आम्ही हॉर्न कोरे घेतो आणि हाताच्या ड्रिलने 1.2 चं भोक पाडतो. ईपीओ विमानांचे साच्यातले हिंज नवे असताना कडक असतात. ते शंभरेक वेळा पूर्ण हलवून मऊ करायचे आणि दोन्ही टोकांना टेपने आधार द्यायचा, नाहीतर सर्वोची सगळी ताकद फोम वाकवण्यात जाते.

पंखांची सरासरी रुंदी 240 मिलिमीटर, म्हणून सीजी पुढच्या कडेपासून 60 मिलिमीटरवर (25 टक्के) ठेवला तर विमान शांत, 80 वर (33 टक्के) चपळ. विकताना आम्ही 70 वर खूण करतो. बॅटरी पुढेमागे सरकवता येईल एवढी वेल्क्रोची जागा नसेल तर ते विमान आम्ही ठेवतच नाही.

चाचणीचं उड्डाण पहाटे, वारा उठायच्या आत, आणि जायरो बंद करून. हल्ली स्वस्त विमानात जायरोचा, विमान आपोआप सावरणारा स्टॅबिलायझर असतो. तो चुकीचा सीजी आणि सर्वोचा प्ले दोन्ही झाकून टाकतो. (तो वापरायचाच असेल तर जमिनीवर विमानाचा उजवा पंख खाली झुकवा: उजवं एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) खाली वळायला हवं. वर वळलं तर उड्डाण पाच सेकंदांचं.) त्याआधी प्रॉप काढून रिमोट बंद करून बघायचं, मोटर थांबली नाही तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय) लावलेला नाही, आणि बऱ्याच स्वस्त रेडिओंत तो आपला आपणच लावावा लागतो. हवेत ट्रिम झालं की 45 अंशांच्या चढावर विमान उलटं करून एलिव्हेटर सोडायचा. नाक जमिनीकडे झपकन आलं तर नाक जड, रेषा टिकली तर सीजी मधोमध. मग सरळ उभी रेषा: डावीकडे कलत असेल तर मोटरला उजवा कोन कमी आहे, वॉशर घालून अर्धा-एक अंश वाढवा. नाइफ एजमध्ये (एका कुशीवर उभं धरून उडताना) पोटाकडे ओढत असेल तर रडरला (शेपटीच्या उभ्या हलत्या भागाला) 5 ते 10 टक्के अप एलिव्हेटर मिक्स. हॅरिअरमध्ये पंख डुलत असतील तर दोन्ही एलरॉन 5 मिलिमीटर वर करून पाहा. एक्स्पो (मधोमध स्टिक मऊ करणारी सेटिंग) पहिल्या दिवशी मोठ्या थ्रोवर 50 टक्क्यांच्या आसपास, पण चिन्ह तपासून: फुटाबाच्या रिमोटवर उणे आकड्याने स्टिक मऊ होते, स्पेक्ट्रमवर अधिक आकड्याने. उलट चिन्ह दिलं तर मधोमधच विमान दुप्पट तिखट होतं.

फेब्रुवारी 2022 मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुटे भाग मोकळे राहिले. त्यानंतर परदेशी खोक्यांवर विसंबणं आम्ही कमी केलं आणि ईपीपीची शीट आणून गरम तारेने किट स्वतः कापू लागलो. याने दुरुस्तीचं सगळं चित्र बदललं. नाक चेपलं तर त्याच मापाचा नवा तुकडा मिळतो, अख्खं विमान घ्यावं लागत नाही. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलेली मुलं आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी नुसता फोम नेतात आणि जुन्या विमानातली मोटर आणि सर्वो त्यात बसवतात. पहिलं विमान म्हणून मात्र हे आम्ही कोणाला देत नाही. आधी सिम्युलेटर आणि उंच पंखाचा ट्रेनर.

ड्रोन नियम, 2021 मध्ये करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलचा वेगळा उल्लेख आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, पण झोनचा नकाशा लागू आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच हिरवा (परवानगी न लागणारा) झोन. त्याहून आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. लोहगाव विमानतळामुळे पुण्याचा बराच भाग यात येतो. मैदान ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडून ते ठिकाण बघा. कुठे आणि कसं बघायचं, हे आम्ही विमान देताना दाखवतो.

विमान नेताना सोबत एवढं घ्या: दोन प्रॉप, एक सुटा सर्वो, 1.2 च्या तारेचा हातभर तुकडा, दोन हॉर्न, एक प्रॉप-सेव्हरचं (प्रॉप मोटरला धरून ठेवणारं) रबर आणि बझर. प्रॉप-सेव्हरचं रबर उन्हाने तडकतं. ते दर महिन्याला, तुटलं नसलं तरी बदला.