तरण्या पावसात कुशावतीकाठी

आम्ही जुळे भाऊ. तो सात मिनिटांनी मोठा, आणि त्या सात मिनिटांचं भाडं चाळीस वर्षं वसूल करतोय. गोव्यात फोंड्याला मावशीकडे पोचलो त्या रात्री तिनं तिचा जुना सिद्धांत पुन्हा मांडला: "तुमच्या आईला लाख सांगितलं, जोडकेळं खाऊ नको. ऐकते कुठली!"

जुलैचा दुसरा आठवडा. सूर्य पुनर्वसू नक्षत्रात, म्हणजे बाहेर तरणा पाऊस. पुष्य लागलं की तो म्हातारा होतो. पुनर्वसू म्हणजे आकाशातल्या ज्या दोन ठळक तारका, त्यांनाच ग्रीकांनी कॅस्टर आणि पॉलिड्यूसीस ही लेडाच्या जुळ्या मुलांची नावं दिली. आपल्याकडे या नक्षत्राची देवता अदिती, देवांची आई. तिकडे मुलगे दिसले, इकडे आई दिसली. तारका त्याच.

आपले जुळे देव मात्र अश्विनीकुमार. सूर्याची बायको सरण्यू घोडीचं रूप घेऊन पळाली, तिच्या पोटी ते जन्मले. देवांचे वैद्य; म्हाताऱ्या च्यवनाला त्यांनी तरणा केला. त्यांचं 'नासत्य' हे नाव आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोईला सापडलेल्या, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या हित्ती आणि मितान्नी या दोन प्राचीन राज्यांमधल्या तहात साक्षीदार देवांमध्ये आहे. पण मला जास्त आवडते ती ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातली त्यांच्या सूक्तातली प्रार्थना: वारा जसा कमळांचं तळं हलवतो तसा तुझा गर्भ हलो, दहा महिन्यांचं बाळ सुखरूप बाहेर येवो. दहाव्या मंडलात तर कमळमाळा घातलेल्या अश्विनांनी तुझ्या पोटी गर्भ ठेवावा, असंच मागणं आहे. म्हणजे हे दोघे घोडेस्वार कमी आणि सुईणी जास्त.

सकाळी मावशी म्हणाली, "वैद्यांचं राहू द्या, आधी आईला भेटा." जवळच्याच एका गावातल्या सांतेरीच्या देवळात नेलं. गाभाऱ्यात घडवलेली मूर्ती नाही, वारूळ! इथले लोक रोयण म्हणतात. त्यावर चांदीचा मुखवटा, अबोलीच्या माळा. वाळवीनं कणाकणानं वर आणलेली माती हीच देवी. गोव्यात गावोगाव सांतेरी आहे. आणि केळबाई म्हणून जी पुजतात ती गजलक्ष्मी: दोन बाजूंना दोन हत्ती, सोंडेनं तिच्यावर पाणी ओतणारे. बाहेर धो धो कोसळत असताना त्या शिल्पाचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. (हत्तीही जोडीनंच आले, हे भावानं लगेच टिपलं.)

मग बोरीचा पूल, मडगाव, केपे करत रिवणच्या दिशेनं. गाडी आलटूनपालटून चालवली. कॅस्टर मर्त्य होता, तो मेल्यावर अमर पॉलिड्यूसीसनं आपलं अमरत्व वाटून घेतलं. तेव्हापासून दोघं एक दिवस पाताळात, एक दिवस देवांकडे. आमच्या गाडीत पाताळ म्हणजे मागची सीट, कारण तिथे मावशीच्या पिशव्या होत्या.

उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठावर जांभ्याच्या सपाट कातळात शंभराहून जास्त चित्रं कोरलेली आहेत. अभ्यासकांच्या नजरेला ती 1993 साली पडली. गवे, बैल, मोर, सात वर्तुळांचं चक्रव्यूहासारखं कोडं, आणि एक स्त्री, जिला मातृदेवता मानतात. आम्ही नेमकी चुकीची वेळ निवडली होती. नदी फुगली होती, कातळाचा बराच भाग गढूळ पाण्याखाली. एका गव्याची पाठ तेवढी दिसली, चक्रव्यूहाची अर्धी वळणं. भाऊ गुडघाभर पाण्यात उतरायला निघाला, तशी मावशी ओरडली, "मोठा ना रे तू? मग वाग तसा!"

मातृदेवता दिसलीच नाही. मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. दोनशे किलोमीटर येऊन लाल पाणी बघायचं? मावशी मात्र छत्रीखाली निवांत. "अरे, सकाळी वारुळात बघितलीस ती, आता पाण्यात आहे," एवढंच म्हणाली आणि देवळातला प्रसाद काढायला लागली. वारुळातल्या आईचं मला सकाळी फारसं काही वाटलं नव्हतं. आता, सगळं शेत-रान लाल होऊन नदीला मिळताना बघून, जरा वाटलं.

पिशवीतून निघाली ओल्या नारळाची भकलं आणि केळी. घडात एक जोडकेळं होतं. ते तिनं मुद्दाम बाजूला ठेवलं होतं.

"घ्या. तुम्हाला आता काय होतंय?"

आम्ही मधोमध सोलून वेगळं केलं. मोठा वाटा त्यानं घेतला. सात मिनिटांचा हक्क.