असईचा पट : दोन्ही नद्या कापून झाल्या

छोट्या सैनिकांच्या आकृत्या मांडून टेबलावर लढाई खेळायची, त्यासाठीचा असईच्या लढाईचा सहा बाय चार फुटांचा पट निम्म्यावर आला आहे. फोमचे थर चिकटले, केळणा आणि जुई या दोन्ही नद्या कापून झाल्या, मातीच्या रंगाचा पहिला हात वाळतोय. गाव अजून नाही, झाडंही नाहीत. तरी आत्ताच लिहायला घेतलं, कारण या पटाचं निम्मं काम नद्यांचंच होतं.

ज्यांनी ही लढाई टेबलावर मांडलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तारीख २३ सप्टेंबर १८०३, ठिकाण आजच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं असई. एका बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज. त्यातल्या कवायती कंपूंची, म्हणजे युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेल्या पायदळाची, सूत्रं हॅनोव्हरहून आलेल्या अँथनी पोलमनच्या हाती, सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही सोबत, आणि तोफा शंभराच्या घरात. वेलस्ली दक्षिणेकडून आला तेव्हा मध्ये केळणा आडवी होती आणि जवळ कुठे उतार, म्हणजे नदी ओलांडता येईल अशी उथळ जागा, नाही असं वाटाड्ये सांगत होते. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तर पूर्वेला दोन्ही काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर. इंग्रजी नोंदींत त्यांची नावं पीपळगाव (म्हणजे पिंपळगाव) आणि वारूर अशी येतात. गावं अशी बसली आहेत म्हणजे मध्ये ये-जा असणार, आणि ये-जा आहे म्हणजे उतार असणार, हा त्याचा हिशेब. तो बरोबर निघाला आणि फौज तिथून पार झाली.

पोलमननेही वेळ दवडला नाही. दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली रांग त्याने पूर्वेकडे फिरवली आणि दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत आडवी लावली. उजवी बाजू केळणेला टेकलेली, डावी असई गावाला आणि पलीकडे जुई. कवायतीत मुरलेल्या पलटणींनाच जमेल अशी ही हालचाल. वेलस्लीला मोकळी बगल मिळायची होती, मिळाली समोर तोफांची रांग.

म्हणजे ही लढाई जिथे झाली तो आकारच नद्यांनी दिलेला आहे. मी आजवर पाहिलेल्या असईच्या बहुतेक मांडण्यांत मात्र सपाट हिरव्या चटईवर निळ्या दोन पट्ट्या टाकलेल्या असतात आणि तोफा, बैल, घोडे कुठूनही पलीकडे जातात. नियमात लिहून ठेवायचं की इथून जाता येणार नाही, आणि मग खेळभर एकमेकांना ते आठवून द्यायचं. मला तो नियम लिहायचाच नव्हता. काठ असा हवा की बघूनच खेळणाऱ्याचा हात थांबावा.

आता मापं. सैनिक १० मिमीचे. दोन नद्यांमधली पट्टी असईजवळ साधारण मैलभर रुंद होती. ती मी ८० सेमीत बसवली, म्हणजे पटावरचा १ सेमी जमिनीवरच्या २० मीटरला. पटाची १८० सेमी लांबी ३.६ किलोमीटर होते, त्यात पूर्वेकडचा उतार आणि पश्चिमेकडची मराठ्यांची मूळ जागा दोन्ही येतात. केळणेच्या दक्षिणेला थोडी जागा ठेवली आहे, कारण वेलस्लीच्या बाजूने आलेले म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार तिथे होते. या प्रमाणात नदी जेमतेम दोन-तीन सेमीची होते आणि ती कुणाला दिसणारही नाही. म्हणून रुंदी सरळ दुपटीने वाढवली. खोलीचा हिशेब जमिनीच्या प्रमाणात करायचाच नाही, माणसाच्या प्रमाणात करायचा. १० मिमीचा शिपाई उभा केला की २५ मिमीचा काठ त्याला साधारण चार मीटरची दरड वाटते. तोफ ओढणारा बैल तिथून उतरणार नाही.

फोम म्हणजे एक्सपीएस (एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन), गच्चीच्या स्लॅबवर किंवा कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत घालतात तो. गणपतीच्या मखराचा पांढरा थर्माकोल वेगळा. तो मण्यामण्यांचा असतो, कापला की मणी सुटतात आणि वर्षभर घरात सापडत राहतात. एक्सपीएस एकजीव असतो, त्यात पेन्सिलने ओढलेली रेघसुद्धा टिकते. शीट १२५० बाय ६०० मिमीची मिळते, आणि हे माप आपल्यासाठी फारच सोयीचं आहे. लांबीतले पाच सेमी छाटले की १२० बाय ६० चा तुकडा, असे तीन शेजारीशेजारी ठेवले की १८० बाय १२०. मी २५ मिमीच्या सहा शीट घेतल्या, तीन खाली, तीन वर. घनता घनमीटरला ३२ किलोच्या आसपास धरली तर सगळ्या पटाचा फोम साडेतीन किलोच्या आत बसतो.

इन्सुलेशनवाल्याकडे सहा शीट मागितल्या की तो आधी तुमच्याकडे नीट बघतो.

"गच्ची केवढी आहे साहेब? सहामध्ये काय होणार?"

"गच्ची नाही शेठ, नदी कापायची आहे."

त्याने पुढे काही विचारलं नाही. कडा चेपलेल्या शीट मात्र स्वस्तात लावून दिल्या. आपल्याला कडा छाटायच्याच असतात, त्यामुळे तुम्हीही तसा माल आहे का ते विचारून बघा.

एकच ५० मिमीची जाड शीट घेऊन त्यात नदी कोरण्यापेक्षा दोन थर का? तळासाठी. कोरून काढलेला तळ कधीच सपाट येत नाही, आणि पाणी म्हणून वर जे काही ओताल ते खळग्यांत साचतं. दोन थरांत वरचा थर आरपार कापायचा, खालच्या शीटचा कारखान्यातून आलेला गुळगुळीत पृष्ठभाग आपोआप नदीचा तळ होतो. थर चिकटवण्याआधी वरच्या शीटवर नदी कापून घ्यायची, हा क्रम महत्त्वाचा.

कापण्यासाठी विजेवर तापणारी निक्रोमची तार आणि १२ व्होल्टचा पुरवठा. तार लाल होऊ द्यायची नाही. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे तार थोडी मंद ठेवून हात सावकाश चालवला तर काप स्वच्छ येतो आणि धूरही कमी होतो. खिडकी उघडी आणि तोंडाला कार्बनचा मास्क, यात सूट नाही. त्या वाफेत स्टायरीन असतं. मखरवाल्यांच्या कारखान्यांत हीच तार वापरून नक्षी काढली जायची. २०१८ मध्ये राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आल्यावर ते काम बसलं. आपल्या छंदाला लागणारा हात ज्यांच्या बोटांत आहे असे कारागीर त्यात होते. ओळखीत कुणी असेल तर त्याच्याजवळ तासभर बसून या, चलचित्रं पाहण्यापेक्षा जास्त शिकाल.

नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणजे तिन्ही तुकड्यांचे सांधे त्या ओलांडणार. प्रत्येक तुकडा वेगळा कापला तर सांध्यावर काठ जुळत नाहीत आणि नजर बरोबर तिथेच जाते. मी तिन्ही वरच्या शीट खालून चिकटपट्टीने जोडल्या, सलग रेघ मारली आणि कापतानाही सांध्यावर न थांबता तार पुढे नेली. सांध्याच्या आधी-नंतर वीतभर नदी मुद्दाम सरळ ठेवली आहे. वळण सांध्यावर आलं की पट घड्या करून नेताना तिथलंच टोक मोडतं.

तार उभी धरली की कालव्यासारखी भिंत तयार होते, म्हणून ती तिरकी धरून काठाला थोडा कल दिला. मग बाहेरच्या वळणावर, जिथे पाणी काठ खातं, तिथे कटरचं लांब पातं जवळजवळ आडवं धरून ढलपे काढले. आतल्या वळणावर पॉलिश पेपरने उतार घासून गाळाची पट्टी केली. नदी एका काठाला खाते आणि दुसऱ्या काठाला टाकते, एवढं पाळलं की रंग लागायच्या आधीच ती खरी वाटायला लागते. काठाला पोत द्यायला ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा दाबून फिरवला. हे काम दाबून करायचं, घासून नाही.

पिंपळगावचा उतार ही पटावरची एकमेव जागा जिथे दोन्ही काठ हाताने घासून पार खाली नेले आहेत. रुंदी एका पलटणीच्या तळपट्टीएवढीच, म्हणजे आकृत्या ज्या पट्टीवर चिकटवलेल्या असतात तेवढी. उतरताना फौज रांगेत लागते, बाकीची मागे खोळंबते, आणि तेवढ्यात मराठी तोफांना दोन फैरी मिळतात. इतिहासातही तोफा त्या वेळी बोलतच होत्या. नदी पार होत असताना वेलस्लीच्या शेजारचा स्वार गोळा लागून पडला. चाचणी म्हणून दोन मित्रांना नुसता फोम मांडून खेळायला बसवलं. दोघांनीही काही न विचारता सगळी फौज उताराकडे वळवली. यावर मी खूश आहे.

थर चिकटवताना फेविकॉल नको. दोन्हीकडून हवा बंद असल्याने तो कडेला वाळतो आणि मध्ये कित्येक दिवस ओला राहतो. पिवळं रबरी सोल्यूशन तर फोमच खातं. पॉलियुरेथेनचा गोंद घ्या, पृष्ठभाग आधी पॉलिश पेपरने खरवडा, पाण्याचा हलका हबका मारा, कारण तो गोंद ओलाव्याने धरतो. धरताना फुगतोही, म्हणून वर वजन हवंच. थर सरकू नयेत म्हणून विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या आरपार खोचल्या. खाली एमडीएफऐवजी (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीऐवजी) सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिकची हलकी शीट, लावला आहे, एमडीएफ आपल्या पावसाळ्यात कडेने फुगतं. स्प्रे रंगाचं नाव काढू नका. त्यातल्या द्रावणाने काठ मेणासारखे ओघळतात. आधी काळा इमल्शन आणि फेविकॉल एकत्र करून सगळीकडे जाड हात द्या, खालच्या बाजूलाही, म्हणजे पट एकीकडे ओढला जाणार नाही.

रंगावर मी सगळ्यात जास्त वेळ अडलो. मराठवाड्याची काळी जमीन म्हटलं की भेगाळलेली, करपट, उन्हाळ्यातली डोळ्यांसमोर येते, आणि बाहेरच्या देशांतले छंदिष्ट तर असई सरसकट वाळवंटी पिवळी रंगवतात. पण तारीख सप्टेंबरची. पावसाळा सरत आलेला, भेगांचे दिवस नव्हेत. बाजरी-ज्वारी उभी असायला हवी, नदीकाठ हिरवा हवा. दुसरीकडे १८०३-०४ हा दख्खनमधल्या मोठ्या दुष्काळाचा काळ, आणि त्याआधीच फौजांनी मुलूख धुऊन काढलेला. तेव्हा गच्च हिरवं शिवारही पटत नाही. मी मधला मार्ग धरला आहे: नद्यांच्या कडेने हिरवं, वर चढावं तसं पिवळट, पिकांचे पट्टे तुटक, आणि काही वावरं नुसती तणाची. जमिनीचा मूळ रंग काळा नाही, गडद तपकिरी. काळ्या इमल्शनमध्ये गेरू आणि थोडी पिवळी माती कालवून तो जमला. लहान आकृत्यांच्या पटावर शुद्ध काळा रंग भोकासारखा दिसतो.

खरी काळी माती आणून लावावी असं सुचवणारे भेटतात. लावून बघा, पण ती वाळली की खऱ्या जमिनीसारखीच फुटते, आणि १० मिमीच्या शिपायापुढे ती भेग ओढ्याएवढी होते. मी चाळलेली बारीक वाळू आणि सुताराकडचा भुसा रंगवून वापरतोय. चहाचा चोथा, खसखस, राळे यांच्या वाटेला जात नाही. आपल्या हवेत त्यांना बुरशी नाहीतर किडे लागतात.

तोफांच्या रांगेची पट्टी मात्र जवळजवळ गुळगुळीत ठेवली आहे. या लढाईत इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा मागून डागल्या. म्हणजे तोफ घेतली तरी ती पटावरून उचलायची नाही, जागेवरच राहणार. तिथे खडबडीत पोत असला तर तळपट्ट्या डुगडुगतात आणि प्रत्येक खेळात कुणीतरी त्या सरकवतं. शेवटी इंग्रजांनी ९८ तोफा घेतल्या. एक नमुना आठ तोफांचा धरून मी बारा ठेवतोय.

पाण्यासाठी इपॉक्सी रेझिनचा विचार सोडला. जाड ओतलं तर घट्ट होताना तापतं आणि खालचा फोम बसतो, पातळ थर देत गेलं तर खर्च वाढतो आणि दिसण्यात फरक पडत नाही. शिवाय या दिवसांतलं पाणी गढूळ, त्यातून तळ दिसायचं कारणच नाही. तळ मातकट रंगवायचा, मध्ये गडद, काठाकडे फिकट, उताराजवळ सगळ्यात फिकट, आणि वर ग्लॉस व्हार्निशचे तीन-चार हात.

पुढचं काम असई गाव. पटावर ते दहा सेमीचं, चहूबाजूंनी मातीचं गावकूस, आत माळवदाची घरं. माळवद सपाट असल्यामुळे उरलेल्या फोमचे ठोकळे कापले की घर तयार, कौलांची कटकट नाही. गावकुसाची उंची ठरत नाहीये. माणसाच्या दीडपट केली तर आतले बंदूकवाले दिसत नाहीत, कमी केली तर ७४ वी हायलँडर पलटण चुकून त्या बाजूला सरकली तेव्हा एवढी का कापली गेली ते पटावरून कळत नाही. दोन उंचीचे तुकडे कापून ठेवलेत, रंग न देता दोन्ही लावून एकेक डाव खेळणार आणि मग ठरवणार. जुईच्या पलीकडची पट्टीही तोवर कोरीच ठेवतोय, कारण पोलमनच्या पलटणी शेवटी तिथूनच मागे गेल्या आणि तिथे काठ किती चढा ठेवायचा हे गावावर अवलंबून आहे.