माझं खातं पुसलं त्या दुपारी

गेल्या महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी मी सहकाऱ्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "माझं अकाउंट काढून टाक. माझ्यासमोर." तो म्हणाला, "मॅडम, सोमवारी करतो की. आज तुमचा निरोपाचा दिवस." मी उठले नाही. 31 वर्षं ज्या मशीन्सवर माझ्याकडे रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड होता, तिथून मला नीट बाहेर पडायचं होतं.

एका कमांडचं काम असेल असं त्याला वाटलं होतं. आम्हाला साडेतीन तास लागले.

आमच्या मशीन्स ज्यावर चालतात त्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी माणूस म्हणजे एक आकडा. नाव फक्त आपल्या सोयीचं. नाव पुसलं तरी त्या आकड्याच्या मालकीच्या फाइली डिस्कवर इकडेतिकडे पडून राहतात. पुढे तोच आकडा नव्या माणसाला मिळाला, की त्या आपसूक त्याच्या होतात. त्या शोधल्या. मग माझ्या नावाने ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, म्हणजे क्रॉन जॉब. मग सगळ्यात महत्त्वाचं: माझी एसएसएचची (दुरून मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायच्या सोयीची) पब्लिक की, म्हणजे पासवर्डशिवाय मला आत घेणारी ओळख, तीन सामायिक खात्यांमध्ये सापडली. नुसतं माझं खातं काढून आम्ही उठलो असतो, तर त्या तिन्ही दारांनी मला आत येता आलं असतं. त्यातली एक की मीच 2011 मध्ये घाईच्या एका रात्री ठेवली होती.

मला ही घाई शोभत नव्हती, कारण सोडून गेलेल्या माणसांची मागे राहिलेली खाती हाच माझ्या कामाचा मुख्य विषय.

तो विषय मी पुस्तकातून घेतलेला नाही. 1994 मध्ये मी पुण्यातल्या एका संस्थेत लागले तेव्हा आमच्याकडे 14 युनिक्स मशीन्स होती. मी साताऱ्याची, त्यामुळे नावं कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी अशी पडली. मी एक लांबट हिशेबाची वही केली होती: तारीख, वेळ, मशीन, काय बदललं, का बदललं. ती सवय शेवटपर्यंत राहिली. अशा 22 वह्या झाल्या.

1997 च्या पावसाळ्यात कोयनाची डिस्क गेली. बॅकअप रोज रात्री दोनला टेपवर व्हायचा, म्हणून मी निर्धास्त होते. टेप लावली तर तिच्यावर जवळपास पाच महिन्यांपूर्वीचा माल. मधल्या काळात नवी डिस्क बसवताना डिस्कांची नावं बदलली होती आणि स्क्रिप्टमध्ये जुनंच नाव राहिलं होतं. स्क्रिप्ट रोज रात्री अडत होती, आणि क्रॉन रोज रात्री त्याची मेल इमानेइतबारे पाठवत होता. कोणाला? ज्याने ती स्क्रिप्ट लिहिली त्याला. तो नोकरी सोडून गेला होता. त्याच्या मेलबॉक्समध्ये 143 न वाचलेल्या मेल होत्या.

एका पीएचडीच्या मुलीची पाच महिन्यांची मोजमापं त्यात गेली. थोडे प्रिंटआउट तिच्याकडे होते. तीन आठवडे संध्याकाळी आम्ही दोघी आकडे टंकत बसलो. ती एकदाही मला बोलली नाही, आणि ते मला फार लागलं.

त्यानंतर मी मिळेल ते वाचू लागले. 1988 चा मॉरिस वर्म, म्हणजे इंटरनेटवर आपोआप पसरलेला प्रोग्राम, एका मशीनवरून दुसऱ्यावर कसा गेला? सेंडमेल (मेल पोचवणारा) आणि फिंगर (वापरकर्त्यांची माहिती देणारा) या प्रोग्राममधल्या चुकांमुळे, हे खरंच. पण लोकांनी सोयीसाठी एकमेकांच्या मशीन्सवर टाकलेल्या विश्वासामुळेसुद्धा. असा विश्वास टाकणाऱ्या आरहोस्ट्स फाइली आमच्याकडेही घरोघर होत्या. मी आठवडाभर त्या काढत होते आणि लोकांची बोलणी खात होते. सॉल्टझर आणि श्रोडर या संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी 1975 मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार द्यावेत. मला त्यात एक जोड द्यावीशी वाटायची: आणि काम संपल्यावर ते परत घ्यावेत.

ऑस्लोत मार्क बर्जेस यांनी 1993 पासून सीएफइंजिन हे मशीन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर घडवलं, त्याने माझा विचार पालटला. मशीनला 'काय कर' हे न सांगता 'कसं असायला हवं' हे सांगायचं. मग मशीन पुन्हापुन्हा स्वतःला तपासतं आणि त्या स्थितीकडे परत येतं. मी हेच माणसांच्या यादीला लावलं. कामावर कोण आहे हे आस्थापना विभागाला ठाऊक असतं, आत कोणाला येता येतं हे मशीनला ठाऊक असतं, आणि या दोन याद्या कोणी शेजारी ठेवून बघत नाही. त्या रोज रात्री ताडून बघणारं आमचं पहिलं टूल जेमतेम 400 ओळींचं होतं. "हे तर मेन्टेनन्स, यात रिसर्च कसला?" हा प्रश्न मला पुढे वीस वर्षं ऐकावा लागला. सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची लिसा परिषद 2021 नंतर बंद झाली तेव्हा मी खूप हळहळले. या कामाला अभ्यासाचा विषय मानणारी जागा ती होती.

2024 च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या, फाइली आकसवणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. तो ठेवणाऱ्याने दोनेक वर्षं मदत करत करत, थकलेल्या मूळ देखभालकर्त्याचा विश्वास आणि मग अधिकार मिळवले होते. पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने, कारण एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं. ती बातमी मी ऑफिसात सगळ्यांना दोनदा वाचून दाखवली.

त्या शुक्रवारी रात्री घरून मी लॉगिन करून पाहिलं, त्याला सांगूनच. परवानगी नाकारली. मग त्याला फोन केला आणि विचारलं, "बॅकअप अडला तर मेल आता कोणाला जाते?"

"मला."

"आणि तू गेलास की?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. सोमवारी दुपारी त्याचा फोटो आला: तेविसावी वही, पहिलं पान, तारीख, वेळ, मशीन कोयना. बॅकअपची मेल आता तिघांना जाते.