मारुलाच्या झाडाखाली: फालाबोर्वाचा प्रवास

मारुलाची फळे हिरवी असतानाच गळतात आणि जमिनीवर पडून पिवळी होतात. हे ठाऊक नसल्यामुळे फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतातील फालाबोर्वा येथे पोहोचल्यावर मी बराच वेळ मान वर करून फांद्यांमध्ये पिकलेले फळ शोधत राहिलो. अखेर आम्ही उतरलो होतो त्या घरच्या, त्सोंगा या स्थानिक समाजातल्या आजींनी माझ्या पायाशी पडलेला सडा दाखवला.

मारुला हा आंबा, चारोळी आणि बिब्ब्याच्या कुळातला वृक्ष आहे. फळ साधारण लिंबाएवढे असते. जाड सालीचा दाताने टवका काढून ते दाबले, की कोयीला घट्ट चिकटलेला पांढरट, आंबटगोड गर तोंडात येतो; तो चावत बसू नये, चोखावा. खरी मेहनत पुढे असते. आजींनी वाळलेली कोय दगडावर उभी धरून दुसऱ्या दगडाने फोडली आणि आतल्या खणांमधून दोन-तीन नाजूक गर लोखंडी सुईने अलगद बाहेर काढले. गोडांबी फोडणाऱ्या आपल्याकडच्या बायकांचे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे कौशल्य लगेच ओळखू येईल. चवही तशीच, तुपकट. कोयीतल्या याच गरापासून मारुलाचे तेल काढतात, आणि इतक्या कष्टांनंतर त्याची किंमत मला मुळीच जास्त वाटत नाही.

फळांसाठी जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतच जावे. नर आणि मादी झाडे वेगळी असल्यामुळे प्रत्येक झाडाखाली फळे सापडत नाहीत. फळे आंबवून केलेली ‘वुकान्यी’ ही बिअर सौम्य लागली, तरी ती प्यायल्यावर गाडी चालवू नये. जोहान्सबर्गहून रस्त्याने सुमारे 500 किलोमीटर अंतर आहे, ते दिवसाउजेडीच कापावे. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार गावालगतच आहे. मात्र आत मारुला दिसला म्हणून गाडीतून उतरू नये, कारण ही फळे हत्तींनाही प्रिय आहेत. (ती खाऊन हत्ती झिंगतात ही कथा संशोधकांनी 2006 मध्ये हिशेब मांडून खोडून काढली आहे.)

हा भाग हिवतापाचा असल्याने डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू कराव्यात, आणि केनिया किंवा इथिओपियामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाच्या लसीचे नियम तिकीट काढण्यापूर्वीच पाहावेत. परवान्याशिवाय कोयी भारतात आणू नयेत. मी तेलाची एक लहान बाटली आणली.