तुम्ही विचारलंत म्हणून: मोहेरच्या स्टोलमध्ये मणी आधी ओवायचे का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुणी मोहेरचा जाळीदार स्टोल विणायला घेतला की हा प्रश्न येतोच. उत्तर आधीच सांगते: ओवू नका. साध्या, घट्ट पिळाच्या लोकरीत ओवलेले मणी चालतात. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीचे केस आणि त्यांना धरून ठेवणारा रेशमाचा बारीक धागा. शंभर मणी त्यावरून पुढे-मागे सरकले की लव झडते आणि गुंता होतो. आपल्याकडच्या घोंगड्याची लोकर असला जाच सोसेल, ही नाही.

मणी एकेक करून, क्रोशाच्या सुईने, हव्या त्या टाक्यावरच चढवायचा. साधारण 210 मीटरचे 25 ग्रॅमचे दोन गुंडे, 8 नंबरच्या (4 मि.मी.) सुया, 0.75 मि.मी.ची क्रोशा सुई आणि 6 नंबरचे, म्हणजे जवळजवळ 4 मि.मी.चे काचेचे मणी घ्या. बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत मागताना लक्षात ठेवा, मण्यांचा नंबर वाढला की मणी बारीक होतो. (मणी कानडीतही मणीच, दुकानात अडत नाही.) चार मणी रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवून बघा. रंग सुटला तर ते मणी नकोत.

60 टाके सैल घाला. दोन्ही कडांचे 3-3 टाके प्रत्येक ओळीत सुलट. मधल्या 54 टाक्यांवर पहिली ओळ: लोकर पुढे घेऊन दोन टाके एकत्र सुलट, असं 27 वेळा. दुसरी ओळ उलट. तिसरी मण्यांची: 3 सुलट, 1 मण्याचा, 2 सुलट, असं 9 वेळा. चौथी उलट. या चार ओळी 6 वेळा विणल्या की एका टोकाला 54 मणी बसतात, दोन्ही टोकांना 108. मधला भाग बिनमण्याचा.

मण्याच्या टाक्याशी आलात की मणी क्रोशावर घ्या, डाव्या सुईवरचा टाका क्रोशाच्या आकड्यात पकडून उतरवा, मणी त्यावर सरकवा, टाका परत डाव्या सुईवर ठेवा आणि सुलट विणा. आकड्यात मधला धागा यायला हवा. नुसते केस आले तर मणी अडतो, ओढलं की धागा तुटतो. मोजणी एका टाक्याने चुकली तर मणी जाळीच्या सैल टाक्यावर जातो आणि मागच्या बाजूला कलतो. एकत्र विणलेल्या टाक्यावर तो ताठ राहतो.

मोहेर उसवणं जिवावर येतं, केस एकमेकांत अडकतात. म्हणून दर 8 ओळींनी उलट ओळ संपली की सगळ्या टाक्यांतून गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवा, चुकलं तर तिथपर्यंतच उसवा. तरीही धागा सुटत नसेल तर विणकाम पिशवीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा.

टाके बंद करताना 7 नंबरची, म्हणजे जरा जाड (4.5 मि.मी.) सुई घ्या, नाहीतर कड आखडते. मग स्टोल कोमट पाण्यात 20 मिनिटं भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून लावा. आपल्या आषाढ-श्रावणात हे पंख्याखालीच करा. थोडा जरी दमट असताना टाचण्या काढल्यात तर जाळी पुन्हा मिटते. वाळल्यावर घडी घालून ठेवा, टांगू नका. मण्यांच्या वजनाने टोकं खाली ओढली जातात.